दोनशे बारा ठिपके

पडद्यावरचा गुलाबी डाग रुचिकाला आधी ओळखूच आला नाही, आणि ओळखू आला तेव्हा तिच्या तोंडात एकदम पाणी सुटलं. भुकेनं सुटतं ते नव्हे. मळमळायच्या आधी जिभेखालून झरतं, कोमट आणि किंचित खारट, ते. बेलापुरातल्या त्या आठव्या मजल्यावरच्या खोलीत भावेश भिंतीवरच्या मोठ्या पडद्याशेजारी उभा होता. त्याच्या एका हातात माउस होता, दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली खारी. टेबलाच्या टोकाला गोदामांच्या प्रकल्पाकडून आलेल्या हेमाली मॅडम होत्या. "बघा मॅडम, काही लिहायचं नाही, काही शिकायचं नाही," भावेश सांगत होता, "मनात प्रश्न आला की चौकट ओढायची." त्यानं एक चौकट ओढली: जमीन पडीक. दुसरी ओढली: हमरस्त्यापासून तीन किलोमीटरच्या आत. तिसरी: वस्ती नाही. तिन्ही चौकटींना त्यानं रेघांनी एकमेकींशी जोडलं, लहान मुलं काडेपेटीच्या खोक्यांची गाडी करतात तसं, आणि बटण दाबलं. दोन सेकंद. मग खाडीच्या काठाकाठानं नकाशा गुलाबी होत गेला. खाली आकडा आला, अकराशे चार एकर. हेमाली मॅडम मान हलवत म्हणाल्या, "सुंदर." आणि त्या सुंदर डागाच्या डाव्या कडेला, बंधारा कोपरासारखा वळतो त्या वळणाच्या पोटात, रुचिकाला आपल्या बाबांचं शेत दिसलं.

तो गुलाबी रंग तिनंच निवडला होता. 'पडीक' या सदराला कुठला रंग द्यायचा असं दोन महिन्यांपूर्वी भावेशनं विचारलं, तेव्हा हिरवा भाताला गेला होता, निळा पाण्याला, करडा वस्तीला. उरलेल्या रंगांतून तिनं हा फिकट गुलाबी उचलला, नजरेला मऊ वाटला म्हणून. आता भिंतभर पसरल्यावर तो हिरडीसारखा दिसत होता, दात उपटल्यावर उघडी पडलेली, ओली हिरडी. तिला वाटलं त्याच्यावर बोट ठेवलं तर ते आत जाईल. भावेशच्या खारीचा चुरा टेबलावर पडत होता आणि तो तळव्यानं तो चुरा गोळा करून पुन्हा तोंडात टाकत होता. तिला ते बघवेना. एरवी तो रोजच तसं करतो आणि तिला कधी काही वाटलेलं नव्हतं.

"आणि हे सगळं जाऊन बघितलेलं आहे ना?" हेमाली मॅडमनी विचारलं. "म्हणजे यादी मी आज दुपारीच वर पाठवते आहे. पुढच्या आठवड्यात गावांना नोटिसा निघतील. मग कोणी म्हणायला नको की तिथं शेती होती."

"दोनशे बारा ठिपके, मॅडम, नमुन्याच्या जागांचे. एकूण एक तपासलेले. आणि कोणी तपासले विचारा. आमची रुचिका. तिकडचीच आहे, धामणखारची. लोकल नॉलेज," असं म्हणून भावेशनं अहवालाचं शेवटचं पान पडद्यावर आणलं. स्थानिक पडताळणी: रुचिका नामा म्हात्रे. तिचं नाव, आणि नावाच्या पोटात बाबांचं नाव.

"मॅडम चहा घेतील तोवर मी आलेच," असं काहीसं ती बोलली असावी, कारण ती बाहेरच्या पॅसेजमध्ये होती आणि खिडकीच्या काचेला कपाळ टेकून उभी होती. काच तापली होती. खाली पुलाच्या पलीकडे खाडी दिसत होती, ओहोटीची, गाळ उघडा पडलेली. वैशाखातलं ऊन त्या गाळावर असं चकाकत होतं की तो जिवंत असून आकसतो आहे असं वाटावं. दोनशे बारा ठिपके. ते तिनं तपासले होते ते कुठं? पनवेलच्या खोलीवर, पलंगावर मांडी घालून, एका रविवारी. मांडीवर लॅपटॉप, शेजारी ताटलीत थंड झालेला मेदूवडा. चार वाजता मैत्रिणी किहीमला निघणार होत्या आणि त्याआधी ते संपवायचं होतं. प्रत्येक ठिपक्यावर बोट टेकवलं की एक छोटी खिडकी उघडायची. वरून काढलेलं चित्र, आणि चित्राखाली प्रश्न. चित्रं सगळी उन्हाळ्यातली. पावसाळ्याचे चार महिने उपग्रहाला खाली ढगच दिसतात. ज्या चार महिन्यांत खारीत, बंधाऱ्याआडच्या खारट जमिनीत, भात उभं असतं, नेमका तेवढाच वेळ आभाळाचा डोळा मिटलेला. तेव्हा चित्रात काय, तर पांढरी भेगाळलेली जमीन, तिच्यावर मिठाची साय. खाली पहिला प्रश्न: जमीन नांगरलेली आहे का? होय. नाही.

नाही, असं तिनं दाबलं होतं. आणि ते खोटं नव्हतं. धामणखारच्या खारीत आजवर कुणी नांगर घातलेला नाही. नांगर घातला की खालचा खार वर येतो आणि मग तीन वर्षं तिथं गवतही उगवत नाही, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. दुसऱ्या कुणाला हे काम दिलं असतं, नाशिकच्या, लातूरच्या कुणा माणसाला, तर तो गोंधळला असता. बंधाऱ्यावर गाडी लावून उतरला असता, नांगरत नाही तर मग करता काय असं कुणालातरी विचारलं असतं, आणि त्याला उत्तर मिळालं असतं. रुचिकाला विचारायची गरज नव्हती. ती तिथलीच होती. नाही, नाही, नाही. एका ठिपक्याला सहा सेकंद. प्रत्येक खिडकीच्या तळाशी शेरा लिहायला एक रिकामी जागा होती. ती दोनशे बारा वेळा रिकामी राहिली.

आणि दाबताना डोळ्यांसमोर काही नव्हतं असंही नाही. होतं. रहू होता. मृग लागला की बाबा बियाणं भिजवून गोणीत बांधायचे, गोणी पेंढ्यात पुरायचे, वर दगड ठेवायचे. तीन दिवस पडवीभर आंबूस उबट वास, ओल्या जनावरासारखा. त्या गोणीला हात लावला की आत ऊब असायची, कुणीतरी आत झोपल्यासारखी, आणि लहानपणी तिला त्या उबेची शिसारी यायची. ती त्या तीन दिवसांत पडवीत जेवायला बसायची नाही. मग गोणी फोडली की दाण्यादाण्याला पांढरा कोंब. त्यालाच रहू म्हणायचं. पावसानं वरचा खार धुऊन नेला की गुडघाभर चिखलात उभं राहून तो रहू मुठीमुठीनं फेकायचा, लावणी नाही, नांगर नाही, काही नाही. आई पदर खोचून फेकायची आणि फेकण्याच्या ठेक्यावर काहीतरी गुणगुणायची, दर वर्षी थोडं वेगळं, 'कोंब पांढरा, मूल पांढरा, थांब रं दर्या माज्या बांधावरा'. चिखलात दाणा पडल्याचा आवाज येत नाही. पण रुचिकाला तो रविवारी पलंगावर बसून ऐकू आला होता. आला होता, आणि तिनं 'नाही' दाबलं होतं, कारण प्रश्न नांगराचा होता आणि चार वाजत आले होते.

तिनं फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला, आणि आधी वारा आला, मग माणसांची कालवाकालव, मग नामा म्हात्रेंचा चढा आवाज. फोनवर ते नेहमी खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलत.

"काय गो, या वक्ताला? बरी हाईस ना?"

"बरी आहे. कुठं आहात?"

"बंधाऱ्यावं. उधानानं खांड परली ना परवा. चिंबोऱ्यांनी पोखरलावता. घरटी एक मानूस आलाय, कासवलीची बी धा-बारा मानसां आल्यात होरी घेऊन. चिखल टाकतूं."

मागून आईचा आवाज आला, "इचारा तिला जेवली का. का तिकरं नुसती हवा खातंय."

"आई पण तिथं?"

"मंग. मना म्हनते तुमची कंबर गेलीय, तुमी नुसतं उभं ऱ्हावा, मानूस म्हनून मोजतील." बाबा हसले. बंधाऱ्याला खांड, म्हणजे भोक, पडलं की घरटी एक माणूस निघतो. बोलावणं करत नाहीत. येणाऱ्याला कुणाचं शेत फुटलंय हे विचारायचं नसतं. पाणी शिरलं की ते एकाच्या शेतात थांबत नाही. मोठी खांड असली तर खाडीपलीकडची कासवली होरी भरून येते, आणि कासवलीची फुटली की इकडची जाते. याला जोळ म्हणतात. पनवेलच्या हॉस्टेलमध्ये असताना बाबांनी एकदा ऐन परीक्षेत तिला जोळीला बोलावलं होतं, पाय मुरगळला होता म्हणून. ती गेली नव्हती. त्या वर्षी म्हात्रेंच्या घरचा माणूस कमी पडला. आणि कुणी काही बोललं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आपली जमीन पडीक आहे असं कुणी म्हटलं तर?"

मग बाबा म्हणाले, आणि आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, "कुनी कनाला म्हनंल. तूच म्हनतंस."

"मी?"

"त्या पेनच्या पावन्यांना सांगितलास नाय. शेती हाय का, त्यांनी इचारला. तू बोललीस, हाय पन पडीक हाय. मी भाइर पानी आनाला गेलतू. आयकला मी."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोललू नाय तवा. म्हनला, पोरीला लाज वाटत असंल. असू दे. तुला चिखलान उतरवायची कुना हौस हाय." मग पुन्हा चढ्या आवाजात, "ठेव आता. हात भरल्यात माजं. रविवारी आलीस तर जिताडा ठेवतंय तुजी आयस."

फोन बंद झाला तरी तिनं तो कानालाच धरून ठेवला. फोनच्या काचेचा स्पर्श गालाला चिकट लागत होता. पेणचे पाहुणे, तिला बघायला आलेले, दोन वर्षांपूर्वीचे. पण तो शब्द त्याहून जुना होता. हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही लोक शेतात जाता का गं, म्हणजे चिखलात वगैरे, आणि नाक मुरडलं होतं, कारण रुचिकाच्या ट्रंकेतून सुक्या बोंबलांचा वास येत होता. छे, ती म्हणाली होती, आमची जमीन पडीक आहे. किती सोपा शब्द होता. तो म्हटला की पुढचे प्रश्न संपत. मग तिनं तो नोकरीच्या मुलाखतीत वापरला, मैत्रिणींत वापरला, पाहुण्यांत वापरला. यंत्राला तो कुठून कळला असता? यंत्राला जमिनीतलं काही कळत नाही. त्याला ठिपके दाखवावे लागतात, हे असं असलं की त्याला हे म्हण. तिनं दाखवले. दहा वर्षं ती ज्या तोंडानं जो शब्द बोलत आली, तोच तिनं त्याला घास घास भरवला होता, आणि आता ते भिंतीवर तोंड वासून बसलं होतं. तिला स्वतःच्या तोंडाचा वास आला. चहाचा, सकाळच्या पोह्यांतल्या कांद्याचा, आणि त्याच्याखाली आणखी कशाचा तरी. पॅसेजच्या टोकाच्या नळाखाली तिनं चूळ भरली, एकदा, दोनदा, पाच वेळा. नळाचं पाणी टाकीतलं, उन्हानं तापलेलं होतं, त्यानं काही गेलं नाही.

ती आत आली तेव्हा चहाचे कप गेले होते आणि हेमाली मॅडम यादीतल्या गावांपुढे बरोबरच्या खुणा करत होत्या.

"मॅडम, धामणखारचं चुकलं आहे," रुचिका म्हणाली. "तिथं शेती होते. भात. नांगरत नाहीत, पण पेरतात."

भावेशनं तिच्याकडे बघितलं. "तपासलं होतंस ना तू?"

"चुकलं."

"किती ठिपके?"

"एकतीस."

तिला वाटलं होतं आता काहीतरी होईल. कुणीतरी चिडेल, खुर्ची सरकेल. भावेश फक्त म्हणाला, "ओके, नो टेन्शन, तुझंच गाव आहे, समजू शकतो," आणि माउसनं धामणखारभोवती एक फास टाकावा तशी रेघ ओढली, आतले एकतीस ठिपके उचलले आणि बाजूला टाकले. धामणखारवरून गुलाबी रंग ओसरला. बंधाऱ्याचं कोपर, वळणाच्या पोटातलं शेत, सगळं पुन्हा साधं करडं-तपकिरी. आकडा आठशे नव्वदवर आला.

"पण आम्हाला हजार तरी हवेतच," हेमाली मॅडम म्हणाल्या, भाजीवालीला आणखी दोन जुड्या टाक म्हणावं इतक्या सहज.

"मिळतील ना." भावेशनं 'तीन किलोमीटर'च्या चौकटीतली सरकपट्टी बोटभर पुढे ढकलली. साडेतीन. चार. पाच. प्रत्येक ढकलण्यासरशी गुलाबी रंग खाडीच्या पाण्यापर्यंत यायचा, थबकायचा, आणि मग पाण्यावरून पलीकडच्या काठाला लागला. कासवली. अकराशे साठ एकर.

आणि रुचिकाला सुटल्यासारखं वाटलं. तेच सगळ्यांत किळसवाणं होतं. छातीतून काहीतरी निसटून वर आलं, जड जेवणानंतर ढेकर यावा तसं, आणि अंग हलकं झालं. बाबांचं शेत वाचलं. तिनं ते केलं. पडद्यावर कासवलीची जमीन हिरडीच्या रंगानं पिकत चालली होती आणि रुचिकाच्या शरीराला, तिला न विचारता, बरं वाटत होतं. खांदे सैल पडले होते, पोटात भूकसुद्धा जाणवत होती. तिनं ते बरं वाटणं जागच्या जागी पकडलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तळव्यावरच्या गोगलगाईकडे पाहावं तसं. कासवलीत तिचं कुणीच नव्हतं. एकाही माणसाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. लहानपणी बंधाऱ्यावरून दिसायची ती फक्त होरीतून उतरणारी माणसं, डोक्यावर चिखलाच्या पाट्या, चेहरे चिखलानं एकसारखे झालेले. या क्षणीही ती तिथंच होती, बाबांच्या शेजारी, बाबांच्या शेताची खांड बुजवत.

"हे तरी बरोबर आहे ना?" हेमाली मॅडमनी पेन कासवलीवर टेकवून विचारलं. "हे पण तुमचंच चेकिंग दिसतंय."

"बरोबर असेल मॅडम," भावेश म्हणाला, "ते तिचं गाव नाही."

"नाही," रुचिका म्हणाली.

"म्हणजे बरोबर नाही?"

"तिथंही नांगरत नाहीत. पलीकडेही नाही. त्या अख्ख्या काठाला कुणीच नांगरत नाही. सगळे रहू फेकतात. पेंढ्यात कोंब आणलेलं भात असतं, मॅडम, ते हातानं फेकतात." आवाज आपला नव्हेसा, बाबांसारखा चढा लागला होता. "मी एकाही ठिपक्यावर गेलेले नाही. दोनशे बाराच्या दोनशे बारा घरी बसून भरलेत. पलंगावर."

हेमाली मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या रागावल्या नव्हत्या; हॉटेलात पानात केस निघाल्यावर माणूस जसा ताट हळूच दूर सारतो तशी त्यांनी यादी दूर सारली. "मग हे मला वर पाठवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला हे रेकॉर्डवर हवं. आत्ता. कोणाची चूक, कशामुळे. नाहीतर उद्या माझ्या अंगावर येईल."

भावेशनं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. साधनातच त्याची सोय होती: ठिपके निवडायचे, रद्द करायचे, कारण द्यायचं. तिनं सगळे निवडले. दोनशे बारा ठिपके एकदम पिवळे झाले, पावसाआधी दिव्याखाली गोळा होणाऱ्या किड्यांसारखे. कारणाच्या जागी एक यादी उघडली. ढगाळ चित्र. जुने चित्र. तांत्रिक दोष. इतर. भावेश तिच्या खुर्चीमागून वाकला; त्याच्या श्वासाला खारीतल्या तुपाचा वास होता. "ढगाळ टाक," तो अगदी हळू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरची माया होती. "ऐक माझं. पावसाळ्याची चित्रं मिळत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. कोणी विचारणार नाही. नोकरी राहील तुझी. पुढच्या महिन्यात गाडी घेऊन जाऊ, परत भरू. तुझी आई तो कसला मासा करते, तोही खाऊ."

तिचं बोट 'ढगाळ'वर गेलंसुद्धा. तो शब्द चांगला होता. त्याच्यात कुणीच नव्हतं, नुसतं आभाळ. हाही एक सोपा शब्द, तोंडात घातला की पुढचे प्रश्न संपवणारा. तिला त्याची चव आधीच जिभेवर जाणवली, गुळमट, आणि मागोमाग ते कोमट खारट पाणी. तिनं बोट खाली घेतलं. इतर. खाली एक रिकामी चौकट उघडली. तिनं 'चुकून' असं लिहिलं आणि खोडलं. 'घाईत' लिहिलं, तेही खोडलं. चौकटीत उभी रेघ उघडझाप करत राहिली. मग तिनं तीन शब्द लिहिले आणि ते पुन्हा वाचायच्या आत 'पाठवा' दाबलं.

भिंतीवरचा गुलाबी रंग एकदम गेला नाही. तो काठाकाठानं, गाव गाव करत, आतून विझत गेला, आणि मागे उरला तो उन्हाळ्यातला काठ, पांढरा, भेगाळलेला, कुणाच्याही डोळ्यांना ओसाडच दिसेल असा. भावेशनं पडद्याच्या कोपऱ्यात आलेली नोंद वाचली. मग मोठ्यानं वाचली, हेमाली मॅडमना ऐकू जाईल अशी.

"मला माहीत होतं." तो रुचिकाकडे वळला. "काय माहीत होतं?"

"तिथं भात होतं," ती म्हणाली.